मुक्त संहितेची पूर्वपीठिका : होशंगाबादचे 'बाल वैज्ञानिक'

'मुक्त शैक्षणिक साधने' ही संज्ञा युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत जुलै २००२ मध्ये स्वीकारली गेली. त्याच महिन्यात मध्य प्रदेश शासनाने होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम बंद केला. योगायोगच, पण बोलका.

किशोर भारती व रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १९७२ मध्ये होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी हा कार्यक्रम आरंभिला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. १९८२ नंतर त्याची धुरा 'एकलव्य'कडे आली.

'बाल वैज्ञानिक' या त्याच्या हिंदी पाठ्यपुस्तकाची घडण साहित्याच्या अभ्यासकानेही पाहावी अशी आहे. त्यात व्याख्या मोजक्या, प्रश्न पदोपदी, आणि उत्तरे छापलेलीच नाहीत. चार-चार मुलांच्या गटाने प्रयोग करून ती वहीत लिहायची; परीक्षेतही पुस्तक नि वही उघडी. म्हणजे संहितेचा उत्तरार्ध वाचकाच्याच हस्ताक्षरात! वाचककेंद्री समीक्षेने जे कादंबरीत शोधले, ते येथे बाभळीच्या काट्याने फूल उलगडणाऱ्या मुलाला सहज लाभले होते.

टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन १९७८ मध्ये येथे आलेल्या अरविंद गुप्ता यांना आगकाड्या व सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब यांतून नमुने सुचले. त्यांची पुस्तके पुढे मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य उपलब्ध झाली. या साहित्याचा भाषांतर-प्रवास अखंड राहिला. 'बाल वैज्ञानिक'चे प्रश्न वर्गात जिवंत ठेवणाऱ्या शिक्षकांच्या शासनमान्य मासिक बैठका मात्र २००२ मध्येच थांबल्या.