टुबा-युफोनियम जॅझ

टुबा आणि युफोनियम या खर्जातल्या पितळी वाद्यांच्या ताफ्याने, ड्रम, पियानो वा गिटारच्या साथीने वाजवलेले जॅझ. टुबाचे पेटंट 1835 मध्ये बर्लिनला घेतले गेले. न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांत जॅझचा खर्ज त्यानेच सांभाळला. पुढे डबल बास आला आणि टुबा मागच्या रांगेत गेला. त्याला पुन्हा पुढे आणले ते रिच मॅटसन व हार्वे फिलिप्स या अमेरिकन वादकांनी. 1970च्या दशकातल्या त्यांच्या वृंदात तीन युफोनियम आणि तीन टुबा होते.

कोल्हापूरला युफोनियम परका नाही. फक्त तिथे तो जॅझ नव्हे, वरात वाजवतो. क्लॅरिनेट-ट्रम्पेट चाल उचलतात, आणि मागे सुमारे पावणेतीन मीटर नळीचे वेटोळे छातीशी धरलेला वादक गाल फुगवून भरणा करतो. गाणे थांबले की कळ दाबून नळीत साचलेले पाणी रस्त्यावर झटकतो. नाव होते ते मात्र ट्रम्पेटवाल्याचे!

मराठी कानांना जॅझची गोडी लावली सिनेमाने. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’च्या (1951) संगीतात गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा मोठा हात होता.