मोबाईल स्टार्टर घरीच जोडला, पण मोटार चालू होईना? आधी हे तपासा

रात्रीच्या लाईटीला विहिरीवर जायला नको म्हणून अनेक शेतकरी मोबाईल स्टार्टर स्वतःच जोडून घेतात. तो अडला तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

पेटी उघडण्याआधी: मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. मोबाईलवरून मोटार बंद केली तरी पेटीत ४१५ व्होल्टचा करंट असतोच. यंत्र ऑटोवर असेल तर लाईट येताच मोटार आपोआप चालू होते. विहिरीत उतरतानाही हाच नियम पाळा.

फोनच लागत नाही: सिमचा रिचार्ज आणि रेंज बघा. टूजी यंत्रात जिओचं सिम चालत नाही.

फोन लागतो, मोटार चालू होत नाही: पेटी बंद ठेवून, लाईट असताना स्टार्टरचं हिरवं बटण दाबा. मोटार चालली तर दोष मोबाईल स्टार्टरच्या जोडणीत आहे. नाही चालली तर तिन्ही फेज आहेत का ते बघा, ओव्हरलोड रिले रिसेट करा. डीपीवर काम होऊन फेज उलटे झाले, तरी बरीच यंत्रं मोटार चालू करत नाहीत.

चालू होऊन लगेच बंद पडते: विहिरीत पाणी आहे ना, ते बघा. असेल तर पाणी पूर्ण दाबाने पडत असताना ड्राय रनचं लोड पुन्हा सेट करा.

मोबाईलवरून बंदच होत नाही: 'बंद'च्या वायरी लाल बटणाशी सिरीजमध्ये हव्यात. 'चालू'च्या वायरी हिरव्या बटणाला पॅरललमध्ये.

तरीही जमलं नाही तर वायरमनला बोलवा. डीपीला स्वतः हात लावू नका.