विभक्त संसार आणि कायद्याचा आधार

पतिपत्नी विभक्त झालीं म्हणजे संसार मोडला, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु घरचें भाडें त्यानंतरही द्यावें लागतें, चूल पेटवावी लागते, मुलांना शाळेंत पाठवावें लागतें. या उरलेल्या संसाराकडे कायद्याचें लक्ष हळूहळूच वळलें.

१८८४ सालीं दादाजी भिकाजी यांनीं पत्नी रखमाबाई यांनीं नांदावयास यावें म्हणून मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. विवाहसमयीं त्या अकरा वर्षांच्या होत्या. सासरीं त्या कधींच नांदल्या नव्हत्या. मार्च १८८७ मध्यें हुकूम झाला, कीं महिन्याच्या आंत पतीकडे जावें, नाहींतर सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. रखमाबाईंनीं कैदेची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्यें दादाजींस दोन हजार रुपये मिळून तडजोड झाली, आणि रखमाबाई पुढें लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. पत्नीनें नांदावें कीं नाहीं, एवढाच त्या खटल्यांतील प्रश्न होता. वेगळें राहून निर्वाह कसा व्हावा, हा त्याचा विषयच नव्हता.

पोटगीचें कलम १८९८ च्या फौजदारी संहितेंत होतें. तथापि छळ, परित्याग, पतीचा दुसरा विवाह अशा कारणांनीं वेगळें राहणाऱ्या हिंदु पत्नीचा निवासाचा व निर्वाहाचा हक्क १९४६ च्या कायद्यानें स्पष्ट शब्दांत मान्य केला.

पण हक्क असला, तरी तो समजावून सांगणारें कोणी हवें. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानें न्यायाधीशांवर प्रथम समेटाचा यत्न करण्याचें कर्तव्य घातलें व त्यांच्या साह्यास समुपदेशक दिले. १९८७ चा विधि सेवा कायदा १९९५ पासून अमलांत आला. त्याअन्वयें स्त्रिया व मुलें यांस उत्पन्नाची अट न घालतां मोफत सल्ला व वकील मिळतो. त्यासाठीं तालुक्याच्या ठिकाणींही समिति असते.

असा सल्ला आरंभींच मिळाला, तर एका मोठ्या भांडणाचे लहान लहान प्रश्न होतात: मुलानें कोणाकडे राहावें, दुसऱ्या पालकास केव्हां भेटावें, पोटगी किती व कोणत्या तारखेस द्यावी. अशा प्रश्नांना उत्तरें असतात. मूल कोणाकडे, हें ठरवितांना मुलाचें हितच पाहावें, हें तत्त्व १८९० च्या पालक कायद्यापासून चालत आलें आहे. रागाच्या भरांत आईबापांना त्याचा विसर पडतो. त्याची वेळेवर आठवण करून देणें, हेंच चांगल्या सल्लागाराचें पहिलें काम होय.