झिर्कोनियाची कॅप आधी मोठी का कापतात?

रूट कॅनलनंतर दातावर बसवायची झिर्कोनियाची कॅप डेंटल लॅबमधल्या मशीनमधून बाहेर पडते तेव्हा ती कोणाच्याच तोंडात बसणार नाही इतकी मोठी असते. रंगाने पांढरीफटक, स्पर्शाला खडूसारखी, बोटाने जोर दिला तर तुटेल अशी. मग ती भट्टीत जाते, आक्रसते आणि तिथून बाहेर येते ती खऱ्या मापाची व दगडापेक्षा कठीण होऊन. आक्रसणार किती हे आधी माहीत असल्यामुळे तेवढी ती मोठी कापलेली असते. कुंभार ओलं मडकं थोडं मोठं घडवतो, वीटभट्टीवाला साचा विटेपेक्षा मोठा ठेवतो, तसंच हे. फरक अचूकतेचा. विटेत दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतात, दाताच्या कडेला मिलिमीटरचा आठवा भागही जास्त होतो.

कच्ची डिस्क, पक्का दात

झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम या धातूचा ऑक्साइड. शुद्ध झिर्कोनिया तापवून थंड केला की त्याची अंतर्गत रचना बदलते, तो फुगतो आणि तडकतो. म्हणून त्यात थोडा इट्रियम ऑक्साइड मिसळतात. या मिश्रणाची बारीक पूड दाबून आणि अर्धवट भाजून गोल डिस्क तयार करतात. लॅबमध्ये सर्रास वापरली जाणारी डिस्क ९८ मिलिमीटर व्यासाची असते, जाडी वेगवेगळी मिळते. पुडीच्या कणांमध्ये अजून भरपूर पोकळी असल्यामुळे ती सहज कापता येते.

पूर्ण भाजलेला झिर्कोनियाच का कापत नाहीत? कापता येतो, पण हिऱ्याची टूल्स झपाट्याने झिजतात, वेळ कितीतरी पट लागतो आणि कापताना पृष्ठभागावर बारीक चिरा पडण्याची भीती असते. त्यामुळे मऊ असताना कापा आणि मग भाजा, हीच पद्धत रूढ झाली.

भट्टीचं तापमान साधारण १४५० ते १५५० अंश सेल्सियसपर्यंत नेतात. त्या उष्णतेत कण एकमेकांना चिकटतात आणि मधली पोकळी नाहीशी होते. या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. पदार्थ वितळत नाही आणि वजनही जवळपास तेवढंच राहतं. फक्त जागा कमी व्यापली जाते, म्हणजे घनता सुमारे दुप्पट होते.

२० टक्के की २५ टक्के?

इथे नवशिके हमखास गोंधळतात. समजा माल २० टक्के आक्रसतो आणि दाढेची कॅप १० मिलिमीटर रुंद हवी आहे. २० टक्के वाढवून १२ मिलिमीटरची कापली तर भट्टीतून ९.६ मिलिमीटरची निघेल, म्हणजे लहान. १२.५ ची कापली तर १२.५ चे ८० टक्के म्हणजे बरोबर १०. थोडक्यात, २० टक्के आक्रसणीसाठी २५ टक्के वाढ लागते. संगणकाला हा आकडा १.२५ असा गुणक म्हणून द्यायचा असतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही १.२५ पट झाल्याने कापलेल्या तुकड्याचं आकारमान शेवटच्या कॅपच्या जवळजवळ दुप्पट भरतं.

गुणक मात्र सगळ्या डिस्कना एकच नसतो. पूड किती घट्ट दाबली गेली यावर तो ठरतो, म्हणून कंपनी प्रत्येक बॅचची चाचणी करून डिस्कवर किंवा खोक्यावर आकडा छापते. काही डिस्कवर आडव्या आणि उभ्या दिशेचे आकडे वेगळे असतात. हा छापील आकडा सॉफ्टवेअरमध्ये जसाच्या तसा भरणं हे लॅबमधलं सगळ्यात साधं काम आहे. ते चुकलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

डिस्कचा गुणक १.२२ असताना जुन्या डिस्कचा १.२५ तसाच राहून गेला, तर १० मिलिमीटरची कॅप सुमारे १०.२५ मिलिमीटरची होते. कॅप आणि दात यांच्या कडेतली फट किती चालते याची बहुतेक ठिकाणी दिली जाणारी मर्यादा १२० मायक्रॉन, म्हणजे ०.१२ मिलिमीटर आहे. ती १९७१ मध्ये मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांच्या अभ्यासातून आली. ढिली कॅप सिमेंटने चिकटते हे खरं, पण कडेने सिमेंट हळूहळू विरघळतं, तिथे अन्न अडकतं आणि आतला दात किडतो. उलट चूक झाली, तर कॅप दातावर चढतच नाही. त्यातल्या त्यात ही चूक बरी, कारण ती तिथल्या तिथे कळते.

मोठं कापण्याचा एक फायदाही आहे. ०.६ मिलिमीटरच्या टूलने केलेली बारीक खाच भाजल्यावर ०.४८ मिलिमीटरची होते. म्हणजे टूल जेवढं बारीक, त्याहून बारीक काम हाती येतं.

लांब ब्रिजची अडचण

एका कॅपपेक्षा सलग दातांचा ब्रिज अवघड. ४० मिलिमीटर लांबीचा ब्रिज आधी ५० मिलिमीटरचा कापला जातो आणि भट्टीत तो १० मिलिमीटर आक्रसतो. त्याचे पाय ताटलीला अडकले तर ब्रिज वाकतो. म्हणून तो बारीक मण्यांवर ठेवतात, म्हणजे आक्रसताना सहज सरकतो. पूर्ण जबडा असेल, तर दोन टोकं जोडणारा आधार ठेवूनच भाजतात आणि तो नंतर कापून टाकतात. जाडीही आधी पाहावी लागते: हिरडीसकट २० मिलिमीटर उंचीचं काम म्हणजे २५ मिलिमीटर उंचीचा तुकडा. डिस्क त्याहून पातळ असली तर डिझाइन कितीही सुबक असो, कापताच येत नाही.

महाड-पोलादपूरचा पावसाळा

कापलेला तुकडा सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. दातासारखी छटा येण्यासाठी तो अनेकदा रंगाच्या द्रावणात बुडवतात, नंतर दिव्याखाली पूर्ण वाळवतात. ओला तुकडा भट्टीत गेला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तडा जाऊ शकतो. जुलैमधल्या महाडच्या हवेत, जिथे कपडेही दोन दिवस वाळत नाहीत, तिथे उन्हाळ्यातली वाळवणीची वेळ पुरत नाही.

दुसरा प्रश्न विजेचा. नेहमीचं सिंटरिंग तापवणं आणि हळूहळू थंड करणं धरून कित्येक तास चालतं. मध्येच वीज गेली तर आक्रसणं अर्धवट राहतं. असा तुकडा पुन्हा भाजून कधीकधी माप येतंही, पण ताकद आणि पारदर्शकता पहिल्यासारखी येईलच असं नाही. भट्टीचा भार घरगुती इन्व्हर्टर पेलत नाही, जनरेटरच लागतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं होतं. तळमजल्यावर अशी यंत्रं मांडणाऱ्याने भिंतीवरची पुराची खूण आधी पाहावी.

दवाखाना महाडला आणि लॅब दूरच्या शहरात, अशीही सोय असते. मग माप कुरिअरने किंवा स्कॅनची फाइल इंटरनेटने जाते. पण पोलादपूरच्या वाडीतून एसटीने येणाऱ्या माणसाला चुकलेली कॅप म्हणजे आणखी एक फेरी आणि बुडालेली मजुरी. म्हणून कॅप कायमची चिकटवण्याआधी डॉक्टरांनी ती नुसती बसवून कडा तपासली का, हे विचारायला संकोच नको. दाबून चढवावी लागणारी किंवा चढवल्यावर हलणारी कॅप त्याच वेळी लॅबकडे परत जायला हवी. डिस्कची कंपनी आणि बॅच लिहिलेलं कार्ड मिळालं, तर ते जपून ठेवावं.