दूरध्वनीचा राजीनामा

टेलिफोन आपल्याकडे कसा आला, हे पुष्कळदा लिहून झाले आहे. १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे एक्स्चेंजे सुरू झाली, १८८५ साली तार कायदा आला, १९८६ साली मुंबई-दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम निघाले, १९९५ साली मोबाइल अवतरला. ही सनावळी कोणत्याही संदर्भग्रंथात मिळते. घेतलेला फोन माणसे सोडत कशी, हा प्रश्न मात्र वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रव्यवहारापुरता मानला गेला. आम्हांस तो इतिहासाचाच प्रश्न वाटतो. व्यवस्थेत शिरताना प्रत्येकाचे स्वागतच होते; ती आपल्याला काय समजते, हे बाहेर पडू लागल्यावर कळते.

प्रथम शब्द पाहू. सरकारी खात्याच्या काळात घरचा फोन कायमचा बंद करण्याला लोक ‘फोन सरेंडर करणे’ म्हणत. सरेंडर म्हणजे शरणागती. कायद्याच्या इंग्रजीत भाडेपट्टा परत करणे असा त्याचा निरुपद्रवी अर्थही आहे, हे खरे. पण खात्याच्या मालकीचे ते उपकरण पिशवीत घालून खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला तो अर्थ कोणी सांगितला असेल असे वाटत नाही. मराठीत याहून ताठ कण्याचा शब्द होता: राजीनामा. आज तो नोकरीपुरता आणि मंत्रिपदापुरता उरला आहे. रयतवारीत शेतकरी जमीन घेताना कबुलायत देई आणि सोडताना राजीनामा. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने खातेदाराला लेखी सूचना देऊन जमीन सोडण्याची मुभा दिली होती. सावकाराच्या पाशात अडकलेल्या कुणब्याला त्या मुभेचा किती उपयोग झाला, ही निराळी कहाणी आहे. तरीही बंधनाला शेवट असतो आणि तो रयतेच्या अर्जाने येऊ शकतो, एवढे तत्त्व परक्या सरकारच्या कायद्यातही लिहिलेले होते. दूरध्वनीच्या वर्गणीदाराच्या वाट्याला असा शब्द आला नाही.

टंचाईच्या काळात त्याला तो लागलाही नाही. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे, ऐपत असेल तर ‘ओन युअर टेलिफोन’ योजनेत आगाऊ रक्कम भरून रांगेत पुढे सरकायचे, आणि एकदा काळे यंत्र घरात आले की ते वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जायचे. १९८० च्या दशकाच्या आरंभी केंद्रात दळणवळण खाते सांभाळणाऱ्या सी. एम. स्टीफन यांच्याविषयीचा एक किस्सा अनेकांनी नोंदवला आहे. सेवेविषयी तक्रारी झाल्या तेव्हा, फोन ही चैन आहे, हक्क नव्हे, आणि ज्याला तो पसंत नसेल त्याने खुशाल परत करावा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले म्हणतात. उद्धटपणा बाजूला ठेवला तर या उत्तरात एक नवल आहे. बाहेरचा दरवाजा सताड उघडा असल्याचे सरकार स्वतः सांगत होते, कारण त्यातून कोणी जाणार नाही याची त्याला खात्री होती. आठवडेच्या आठवडे मुका पडलेला फोनही लोक विणलेल्या रुमालाखाली जपून ठेवत.

१९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर खासगी कंपन्या आल्या आणि चित्र उलटले. आता फोन त्याच दिवशी मिळतो. परत घ्यायला मात्र कोणी तयार नसते. नवे कनेक्शन घेण्याचे बटण ठळक, बंद करण्याचे सापडतच नाही. फोन केला तर ‘आपण का सोडून जात आहात?’ असे आर्जव सुरू होते, मग तीन महिन्यांची सवलत, मग वरिष्ठांकडे कॉल. ब्रॉडबँडचा मोडेम न्यायला माणूस येत नाही, आणि मोडेम परत आला नाही म्हणून बिल चालू राहते. मृत पतीच्या नावचा नंबर बंद करू पाहणाऱ्या बाईला त्याच नंबरवर आलेला ओटीपी विचारला जातो. मंत्र्याचा उर्मटपणा परवडला, या आर्जवापुढे काय बोलावे ते सुचत नाही.

नियम नाहीत असे नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००९ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत सेवा ७ दिवसांत बंद करावी आणि अनामत ६० दिवसांत परत द्यावी, असे लिहिले होते. जानेवारी २०११ पासून नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. १९०० वर एक संदेश पाठवून तिची सुरुवात करता येते. ब्रॉडबँडच्या वाट्याला अशी सोय आली नाही. शिवाय ही सोय एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याची आहे. ज्याला घरच नको, त्याचा विचार तीत नाही.

आणि दाद कोठे मागायची? येथे दोन खटले शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. कोझिकोडच्या एका ग्राहकाचा फोन बिल थकल्याच्या कारणाने तोडला गेला होता; ग्राहक मंचाने तो पुन्हा जोडून ५,००० रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की अशा तक्रारी ग्राहक मंचाकडे चालणार नाहीत. १८८५ च्या तार कायद्यातील कलम ७ ब नुसार त्या लवादाकडे जाव्यात. दुसरा ग्राहक अहमदाबादचा. एरवी महिना सुमारे ५५५ रुपये बिल येणाऱ्या या गृहस्थाला २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचे बिल आले २४,६०९ रुपयांचे, आणि पैसे क्रेडिट कार्डातून आपोआप जाण्याची व्यवस्था त्याने करून ठेवलेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचाचे दार पुन्हा उघडले ते या खटल्यात. पहिल्याचे भांडण फोन परत जोडून मिळावा म्हणून होते, दुसऱ्याचे आपोआप चालणाऱ्या वसुलीशी. मधल्या बारा-साडेबारा वर्षांत दूरध्वनीचा ग्राहक मात्र एका वसाहती कायद्याच्या कलमात अडकून राहिला.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार अधिसूचित केले. त्यांपैकी एकाचे नाव ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे वर्गणीचा सापळा. सोडणे अशक्य किंवा किचकट करणे, ते बटण लपवणे, मोफत वर्गणीसाठी आधीच खात्याचा तपशील मागणे, ही त्याची लक्षणे तेथे नोंदली आहेत. सापळ्याला कायद्याने नाव दिले. त्यातून सुटण्याच्या कृतीला मराठीत आपण अजूनही ‘कनेक्शन कट करणे’ म्हणतो.