कांदा, खेटर आणि नाडी



मागच्या महिन्यात नातीच्या शाळेतून फोन आला. सकाळच्या प्रार्थनेत उभी असताना ती चक्कर येऊन पडली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती बाकावर बसून पाणी पीत होती आणि शाळेतल्या मावशी सगळ्यांना सांगत होत्या, "कांदा फोडून नाकाशी धरला अन् लेकरू उठून बसलं बघा!" बाईसाहेब सकाळी काही न खाता गेल्या होत्या, त्यात उकाडा, त्यात अर्धा तास उभं राहणं. डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही निघालं नाही. घरी येताना सून म्हणाली, "आई, कांद्याचा उपाय अजून चालतो हं!"

मी हसले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कांद्याची आणि माझी ओळख फार जुनी आहे. त्याबद्दल एकदा लिहायचंच होतं, आज लिहिते.

माझं माहेर मानवतजवळच्या एका खेड्यातलं. घरात आत्याबाई होत्या, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहीण. लहान वयात कपाळ पांढरं झालं आणि त्या माहेरी आल्या त्या कायमच्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे सगळे उपास त्यांच्याकडे. जेवायच्या सगळ्यांच्या शेवटी, उरलं तर. आडावरून पाणी आणणं, दळण, शेण-गोठा हेही त्यांच्याकडेच. दोन-चार महिन्यांतून एकदा त्यांना घेरी यायची. (आमच्या परभणीकडे घेरी म्हणतात, कोणी भोवळ म्हणतं. फेफरं किंवा मिरगी हे वेगळं दुखणं, पण घरात उपाय सगळ्यांना एकच!) आधी घाम फुटायचा, "डोळ्यापुढं अंधारी आली गं माय" म्हणायच्या आणि खाली बसता बसता कलंडायच्या.

मग धावपळ. कोणी कांदा फोडायचं, कोणी खेटर हुंगवायचं. आजी कोनाड्यातली कुपी काढायची. कल्हईवाल्याकडून घेतलेला नवसागर आणि पानाच्या डब्यातला चुना एकत्र करून ती नाकाशी धरायची. मिनिटाभरात आत्याबाई डोळे उघडायच्या, पदर सारखा करायच्या आणि "काही नाही झालं" म्हणत पुन्हा कामाला लागायच्या.

हे उपाय आले कुठून, याचा शोध मी निवृत्त झाल्यावर घेतला. शाळेत इतिहास शिकवला, पण घरातल्या कांद्याला इतिहास असेल असं कधी वाटलं नव्हतं.

आपल्याकडचा सगळ्यात जुना धागा चरक आणि सुश्रुतांपर्यंत जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चोविसावा अध्याय आहे, विधिशोणितीय नावाचा. त्यात शुद्ध हरपण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: मद, मूर्च्छा आणि संन्यास. मूर्च्छा येण्याआधी माणसाला आकाश निळं, काळं, तांबडं, पिवळं दिसतं असं वर्णन आहे. आत्याबाईंची अंधारी ती हीच. सुश्रुताने उत्तरतंत्रात मूर्च्छेचे सहा प्रकार केले आणि त्यात रक्ताच्या वासाने येणारी मूर्च्छा वेगळी धरली. आजही इंजेक्शनच्या रांगेत एखादा धट्टाकट्टा गडी रक्त पाहून आडवा होतोच की! उपाय म्हणून त्याने अंगावर गार पाणी शिंपडणं, वारा घालणं, गार आणि सुवासिक पेयं देणं असं सांगितलं. हे किती शहाणपणाचं आहे बघा.

कांद्या-खेटराचे पूर्वज मात्र चरकाच्या संन्यासावरच्या उपचारांत सापडतात. माणूस लाकडासारखा पडला असेल तर डोळ्यांत झणझणीत अंजन घालावं, नाकात तीक्ष्ण औषध टाकावं, धूर द्यावा, सुया टोचाव्यात, नखांखाली दुखवावं, केस उपटावेत, खाजकुइली चोळावी अशी ती यादी आहे. वाचताना अंगावर काटा येतो. पण यामागचा विचार कळतो. खोल पाण्यात बुडणारं भांडं तळाला लागायच्या आत धरावं, तशी या रोग्यासाठी घाई करावी असा दृष्टांत तिथे आहे.

दुसरा धागा हकिमांचा. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यात युनानी वैद्यकाला सरकारी आश्रय होता. हैदराबादेत चारमिनारजवळचा निजामिया दवाखाना त्याची साक्ष द्यायला अजून उभा आहे. तिथलाच झिंदा तिलिस्मात, १९२० साली निघालेला, आमच्याकडे पोटदुखीपासून पडशापर्यंत सगळ्याला चालायचा. हकीम लोक घेरीला 'गशी' म्हणतात. इब्न सीनाने आपल्या 'कानून' या ग्रंथात गशीचा विचार हृदयाच्या रोगांबरोबर केला आहे. म्हणून हकीम गुलाबाचा अर्क, गावजबानचा खमीरा, ऐपत असेल तर मोत्यांचा खमीरा मरवारीद अशी दिलाला ताकद देणारी औषधं देत. आजोबांनी आत्याबाईंना एकदा परभणीला एका हकिमांकडे नेलं होतं. औषधाची चव त्या विसरल्या होत्या, पण एक आठवण सांगायच्या: "त्यानं लई वेळ हात सोडलाच नाही माझा. डोळे मिटून नाडी बघत बसला."

तिसरा धागा विलायतेचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिकडच्या बायका पर्समध्ये 'स्मेलिंग सॉल्ट' ठेवायच्या. त्यात अमोनियम कार्बोनेट असायचं. आजीची कुपी म्हणजे त्याचीच चुलत बहीण. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, त्यात चुना मिसळला की अमोनिया वायू सुटतो. त्याने नाकातल्या नसा चेकाळतात, माणूस जोरात श्वास ओढतो आणि दचकून जागा होतो. फोडलेल्या कांद्याची वाफ डोळ्या-नाकाला झोंबते तेही असंच.

चौथा धागा सांगायला लाज वाटते. एकदा कोणीतरी म्हणालं, हे बाहेरचं आहे. मग देवऋषी आला आणि त्याने कोंडलेल्या खोलीत मिरचीची धुरी दिली. आत्याबाई दोन दिवस खोकत होत्या. पुढे २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच नोंदीत भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेली मारहाण, मिरचीची धुरी आणि खेटर भिजवलेलं पाणी पाजणं हे सगळं लिहिलेलं आहे. ते वाचलं तेव्हा आमची ती खोली मला आठवली.

आता गंमत अशी की एवढे वेगवेगळे उपाय, आणि गुण सगळ्यांनाच यायचा! हे कसं? याचं उत्तरही चरकाच्या त्याच अध्यायात आहे. मद आणि मूर्च्छा दोषांचा वेग ओसरला की आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधाशिवाय शमत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आजचं शास्त्रही साध्या घेरीबद्दल हेच सांगतं. मेंदूला सहा-आठ सेकंद रक्त पोचलं नाही की शुद्ध जाते. माणूस आडवा पडला की रक्त डोक्याकडे जातं आणि तो जागा होतो. म्हणजे बरं करत होती ती जमीन, आणि श्रेय मिळत होतं कांद्याला.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

१९७२-७३ चा दुष्काळ आमच्या पिढीला विसरता येणार नाही. आड तळाला गेले होते, माणसं खडी फोडायच्या कामावर होती, सुकडीवर लेकरं जगत होती, रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा. मी नुकतीच बी.ए. होऊन नोकरीला लागले होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आले होते. एका दुपारी आत्याबाई ओसरीवर बसून मिलो निवडत होत्या. बोलता बोलता, काही न सांगता त्या सुपावर पालथ्या झाल्या. घाम नाही, अंधारी नाही, काही नाही. मीच धावत जाऊन कांदा आणला, फोडला, नाकाशी धरला. अर्ध्या मिनिटात त्यांनी डोळे उघडले. सगळे म्हणाले, पोरगी शिकली पण घरचं विसरली नाही. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

पंधरा दिवसांत असं आणखी दोनदा झालं, दोन्ही वेळा बसल्या जागी. दोन्ही वेळा कांदा. पुढच्या खेपेला त्या आडावर होत्या. डोकं दगडावर आपटलं. जवळ कोणी नव्हतं. आत्याबाई गेल्या.

त्यांना नेमकं काय झालं होतं ते आता कोणी सांगू शकणार नाही. पण इतकं मला आज कळतं की आधीच्या तीस वर्षांची घेरी आणि शेवटच्या महिन्यातली घेरी या एक नव्हत्या. आम्ही दोन्हींना एकच कांदा लावला. नाडी कोणीच धरली नाही.

डब्लिनच्या रॉबर्ट अॅडम्स यांनी १८२७ साली आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ साली अशा रोग्यांबद्दल लिहून ठेवलं होतं, की ज्यांची नाडी अतिशय मंद असते आणि जे एकाएकी पडतात. हृदयातला विजेचा संदेश मध्येच अडतो, म्हणून ठोके तुटतात. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. हा माणूस दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध व्हायचा. तो पुढे २००१ पर्यंत जगला, शहाऐंशी वर्षांचा होऊन गेला. साध्या घेरीचं शास्त्र निराळं. तिला 'व्हेसोव्हेगल' हा शब्द इंग्लंडच्या विल्यम गॉवर्स यांनी १९०७ साली वापरला. १९३२ साली थॉमस लुईस यांनी दाखवलं की तिच्यात नाडी मंदावते आणि रक्तवाहिन्याही सैल पडतात, म्हणून रक्तदाब कोसळतो.

मी हे सगळं वाचलं होतं म्हणून एक दिवस उपयोगी पडलं. २०१७ साली आमचे हे खुर्चीत पेपर वाचत असताना एका बाजूला कलंडले. सून सवयीने स्वयंपाकघराकडे धावली. मी म्हटलं, "कांदा राहू दे, घड्याळ बघ." त्यांना जमिनीवर आडवं केलं, मनगट धरलं. अर्ध्या मिनिटात सतरा ठोके. म्हणजे मिनिटाला चौतीस. ते शुद्धीवर येऊन "मला काही झालेलं नाही" म्हणून हटून बसले, अगदी आत्याबाईंसारखे! पण मी ऐकलं नाही. त्याच दिवशी ईसीजी काढला, दुसऱ्या दिवशी नांदेडला नेलं आणि पेसमेकर बसला. आज ते अंगणात जास्वंदीला पाणी घालत आहेत आणि हा लेख लांबला म्हणून चहाची आठवण करून देत आहेत.

म्हणजे घरचे उपाय टाकून द्यायचे का? मुळीच नाही. साध्या घेरीत घरच्या उपायांनीच निभावतं. डोळ्यांपुढे अंधारी आली की लाज न बाळगता तिथेच आडवं व्हावं, पाय उशीवर घ्यावेत. पाणी भरपूर प्यावं. ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत हे आपलं परभणीच्या उन्हातलं जुनं शहाणपण, ते खरं ठरलं आहे. (रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मीठ डॉक्टरांना विचारूनच.) उभ्या उभ्या चाहूल लागली तर पायावर पाय आवळून मांड्या ताणाव्यात, मुठी घट्ट कराव्यात. २००६ साली २२३ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हे शिकवलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोक पुन्हा पडले, न शिकवलेल्यांपैकी निम्मे. नातीला मी हे शिकवलं आहे, आणि उपाशी शाळेत जायची बंदी घातली आहे.

घरातल्या बायकांकडेही बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. वारंवार घेरी येणाऱ्या बाईला कांदा हुंगवण्याआधी ती शेवटची जेवली कधी, हे विचारा.

पण कोणी बसल्या किंवा झोपल्या जागी, चालता-धावताना, काहीही चाहूल न लागता पडलं, छातीत धडधडलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असलं, किंवा उतारवयात हे नव्याने सुरू झालं, तर शुद्ध आली म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा. आता ती सोय तालुक्याच्या गावी मिळते, १९७३ साली आम्हाला ती माहीतसुद्धा नव्हती. फेफरं असेल तर तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, कुशीवर वळवा.

आमच्या देवघराच्या फडताळात एक वही आहे. कोण, कधी, कुठे पडलं, आधी काय झालं, नाडी किती, हे तिच्यात तारखेसह लिहिते. पहिल्या पानावर आत्याबाईंच्या तीन दुपारी आठवून लिहिल्या आहेत, पन्नास वर्षं उशिरा. तुम्हीही आपल्या घरात अशी वही ठेवा. आणि आज जमलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांचं मनगट हातात घेऊन घड्याळ लावून मिनिटभर मोजा. हात धरला म्हणून कोणी रागावणार नाही.

असो. चहा गार होतोय.