निजामाची दस्तार आणि काळा बिबट्या

भाचा पुण्याहून आला तेव्हा माझ्यासाठी एक खोका घेऊन आला. आत प्लास्टिकचे स्पिटफायर विमान, सुट्या भागांत. प्रमाण १:७२, म्हणजे अकरा मीटरहून रुंद असलेले खरे विमान इथे साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास. "मामू, आता रिटायर झालात, हे बनवत बसा," म्हणाला. लहानपणी मी अशी दोन-तीन विमाने जोडली होती, ते त्याच्या अम्मीने त्याला सांगितले असणार.

खोक्यावरचे चित्र मार्क ९ चे होते, युरोपच्या आकाशातले. मला ते बनवायचे नव्हते. मला हवे होते ब्रह्मदेशच्या आघाडीवरचे मार्क ८, आणि तेही एकाच पथकाचे: रॉयल एअर फोर्सचे १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन. मी मराठवाड्याचा. आमचे पाच जिल्हे, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे नाव एका लढाऊ विमानाच्या पथकाला होते आणि पथकाच्या बोधचिन्हात निजामाची दस्तार होती, हे आमच्याकडच्या किती लोकांना ठाऊक आहे? मला स्वतःला पन्नाशी उलटल्यावर कळले.

हे नाव फुकट मिळाले नव्हते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले आणि तीन वर्षांत पहिले महायुद्ध पेटले. त्यांनी इंग्रजांना पैसा दिला. १९१८ मध्ये ११० क्रमांकाचे स्क्वाड्रन डीएच ९ए जातीची बॉम्बफेकी विमाने घेऊन फ्रान्सला गेले, ती विमाने निजामाची भेट होती आणि तसे त्यांच्या अंगावर लिहिलेलेही होते. त्यातले एक, एफ १०१०, ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती लागले. ते बर्लिनमध्ये प्रदर्शनात राहिले, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पोलंडमध्ये पोहोचले आणि क्राकोवच्या संग्रहालयात पडून राहिले. १९७७ साली इंग्रजांनी ते परत मिळवले, त्या बदल्यात पोलंडला काय दिले? एक स्पिटफायर. आज ते लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयात आहे आणि त्याच्यावर 'हैदराबाद' हे नाव अजून वाचता येते.

दुसऱ्या महायुद्धातही तेच झाले. १५२ आणि २५३ या दोन स्क्वाड्रनना हैदराबादचे नाव मिळाले. १५२ कडे स्पिटफायर, २५३ कडे हरिकेन. १९४० च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये दोन्ही पथके लढली. १५२ तेव्हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वॉर्मवेलला होते. त्याच्या बोधचिन्हात निजामाची दस्तार आणि खाली ब्रीद, 'विश्वासू मित्र'. हे ब्रीदही उचललेले आहे: पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल इंग्रजांनी निजामाला जो किताब दिला होता, त्यातलेच हे शब्द. १९४३ च्या अखेरीस पथक इकडे आले, बंगालमार्गे ब्रह्मदेशच्या आघाडीवर, जपान्यांशी लढायला. मला बनवायचे होते ते १९४५ मधले रूप.

आता कामाचे सांगतो. मार्क ९ आणि मार्क ८ लांबून सारखेच दिसतात. तेच दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचे मर्लिन इंजिन, तोच चार पात्यांचा पंखा. गंमत अशी की आकडा लहान असला तरी ८ हे नंतर सेवेत आलेले आणि जास्त विचार करून घडवलेले विमान. १९४२ मध्ये जर्मनांच्या नव्या विमानापुढे जुनी स्पिटफायर कमी पडू लागली, तेव्हा घाईघाईने जुन्याच सांगाड्यात नवे इंजिन बसवून ९ काढले. ते इतके चांगले निघाले की हजारोंनी बनले. ८ मात्र साडेसोळाशेच्या आसपासच झाले आणि त्यातले बहुतेक परमुलखात गेले. त्यामुळे खोक्यात मिळते ते ९. त्याचे ८ करायचे तर हाताने करावे लागते.

पहिले काम शेपटीच्या चाकाचे. ९ चे मागचे चाक बाहेर लोंबते, ८ चे पोटात जाते. शेपटीखाली ब्लेडने खाच कापली, आतून काळा रंग दिला आणि पातळ प्लास्टिक कार्डाची दोन दारे चिकटवली. एक दार चिमट्यातून निसटले ते गेलेच. तासभर फरशीवर हात फिरवून शेवटी नवे कापले. मग रडर. संचातले गोलसर होते, ८ चे रुंद आणि वर टोकदार. जुने कापून टाकले, कार्डाचे दोन थर एकमेकांवर चिकटवून कानशीने आकार दिला. सर्वांत किचकट निघाले एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला बाहेरच्या बाजूची हलणारी फळी. ८ मध्ये ती बाहेरच्या टोकाकडून साडेआठ इंचांनी आखूड केली होती. १:७२ मध्ये साडेआठ इंच म्हणजे तीन मिलिमीटर! त्या तीन मिलिमीटरसाठी जुनी रेघ लांबीने भरली, वाळू दिली, पॉलिश पेपरने घासली आणि सुईने नवी कोरली. दोन्ही पंखांवर. उजवीकडची तिसऱ्या खेपेला जमली. बायको म्हणाली, हे कोणाला दिसणार आहे? कोणालाच नाही, खरे तर.

नाकाखाली धूळ गाळणाऱ्या फिल्टरचे लांबट तोंड बसवले. बैठकीची पेटी उघडी ठेवली. स्पिटफायरची बरीच आसने धातूची नव्हती, राळेत दाबलेल्या थरांची होती, त्यामुळे रंग तांबूस तपकिरी. पट्टे बनवले माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटाच्या पन्नीतून.

रंगाकडे वळलो आणि अडलो. ब्रह्मदेशातल्या इंग्रजांच्या विमानांवरच्या गोल चिन्हात लाल रंग नसतो. जपानी विमानांवर तांबडा गोळा असे आणि लढाईच्या गडबडीत आपल्याच माणसाला कोणी पाडू नये म्हणून मधला लाल ठिपका काढून टाकला होता. राहिले गडद निळा आणि फिका निळा. पंखांवर आणि शेपटीवर ओळखीचे पांढरे पट्टे. हे सगळे ठीक. पण मी हे विमान निवडले होते त्या दस्तारीसाठी. बारीक ब्रशने ती बाजूवर काढायची, असे पहिल्या दिवसापासून मनात होते. छायाचित्रे नीट पाहू लागलो तर विमानांच्या अंगावर दस्तार दिसेना. पथकाची अक्षरे 'यूएम' दिसतात आणि गोल चिन्हावरून झेप घेणारा काळा बिबट्या. पैसा देणाऱ्याची दस्तार चौकटीतल्या बोधचिन्हात राहिली. विमानावर वैमानिकांनी आपल्या आवडीचे जनावर काढले.

चार दिवस काम बंद ठेवले. हट्ट होता, खोटे कशाला बोलू. आपल्याकडे निजामाचे नाव निघाले की दोनच गोष्टी होतात. एक बाजू त्याला फक्त जुलमी म्हणते आणि आमच्याकडे बोट दाखवते, जणू मराठवाड्यातला प्रत्येक मुसलमान त्याचा वारस. दुसरी बाजू, आपल्यातलेच काही, त्याच्या हिऱ्यांच्या आणि दानधर्माच्या कहाण्या सांगत डोळे ओले करते. माझे दादा पिंजारी होते. कापूस पिंजून लोकांच्या गाद्या भरायचे. निजामाच्या गादीशी त्यांचा संबंध एवढाच की हाली रुपयावर त्याचे राज्य होते. विमानांचा पैसा त्याच्या सर्फ-ए-खासमधून, म्हणजे खासगी जहागिरीतून, आला असे धरा, नाहीतर दिवाणी खजिन्यातून. दोन्हीकडे तो आला रयतेकडून: ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या कुणब्याकडून, आणि जकातीच्या नाक्यावरून गेलेल्या गाठींमधून. त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांचे नाव कोणत्याही विमानावर नाही, बोधचिन्हातही नाही.

आणि विमान म्हटले की आमच्या घरात आठवण निघायची ती वेगळीच. सप्टेंबर १९४८. दादी सांगायची, "जहाज आया बोलके सब ज्वारी में घुसे. मैं तेरे अब्बा कू छाती से लगाके बैठी." वरून गेलेले विमान कोणते, हे तिला कुठून कळणार? त्या पोलीस अॅक्शनमध्ये भारतीय हवाई दलाने टेम्पेस्ट विमाने वापरली, एवढे मला वाचून माहीत आहे. टेम्पेस्ट हॉकर कंपनीचे. २५३ (हैदराबाद स्टेट) स्क्वाड्रनची हरिकेन विमानेही हॉकरचीच. १३ तारखेला फौजा आत आल्या, १७ ला निजामाने शरणागती दिली. 'विश्वासू मित्रा'च्या मदतीला लंडनहून कोणी आले नाही. इंग्रज वर्षापूर्वीच हात झटकून गेले होते. त्याआधी रझाकारांनी गावोगावी जो हैदोस घातला त्याची किंमत आधी हिंदू शेजाऱ्यांनी मोजली, नंतर त्याचा सूड ज्यांच्यावर उगवला त्यात पुष्कळसे दादांसारखे होते, ज्यांनी कधी हातात काठीही धरली नव्हती. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या पथकाने सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावे लिहिली आहेत. तो अहवाल कित्येक दशके दडपून ठेवला गेला.

हे सगळे आठवत असताना मी त्या इवल्या विमानावर दस्तार काढणार होतो, आणि कशासाठी? कोणीतरी पाहून म्हणावे की बघा, आमचाही त्या युद्धात वाटा होता? वाटा होताच, पण तो दस्तारीचा नव्हता. त्याच ब्रह्मदेशात आपल्या मुलखातले हजारो जवान लढले, हिंदू आणि मुसलमान. त्यांना कोणी बोधचिन्ह दिले नाही.

पाचव्या दिवशी बिबट्या काढला. जे होते ते तसेच दाखवायचे, हा या छंदाचा एकमेव कडक नियम आहे. आणि शेपटीच्या चाकासाठी तो पाळायचा आणि दस्तारीसाठी मोडायचा, हे मला पटेना. पुढचे पाय नीट आले, शेपूट जरा जाड झाली. भाच्याला फोटो पाठवला. त्याने विचारले, "मामू, यात हैदराबाद कुठंय?" म्हटले, कुठेच नाही, इथे ये, बसून सांगतो.

डाव्या पंखावरचा पांढरा पट्टा टेपखालून थोडा फुटला आहे. तो रविवारी घासून पुन्हा मारायचा आहे.